वाट्याच्या कंटेनरातल्या आमच्या टोपल्या

ज्याच्याकडे स्वतःचं जहाज नाही, ट्रक नाही, गोदामसुद्धा नाही, तो माणूस दुसऱ्याचा माल परदेशात पोहोचवतो म्हणे. चंद्रपूरचा तो एजंट आमच्या ओट्यावर येऊन बसला तेव्हा मी त्याला चहा दिला, पण बिस्किटं आतच ठेवली.

आधी आमचं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. अहेरीच्या रस्त्यावर आमचं गाव. गावात आम्हा बायकांचा गट आहे, बांबूच्या टोपल्या विणतो. हॉलंडातल्या एका दुकानाला त्या आवडल्या. पहिल्या खेपेला आम्ही माल विमानाच्या कुरिअरनं पाठवला. दुकानदारीण खूश झाली, पण आमच्या पदरात काय पडलं? वाहून नेणाऱ्यानंच सगळं खाल्लं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं असतं तर गट मोडलाच असता. यापेक्षा तेंदूपत्ता तोडायला गेलेलं बरं, असं बायका उघड बोलत होत्या.

म्हणून या माणसाला बोलावलं. फ्रेट फॉरवर्डर म्हणतात अशांना. मी सरळ विचारलं, "भाऊ, यात तुमचं सोताचं काय आहे?"

"ओळख आहे बाई. अन् अक्कल."

"ते तर आमच्या जावयापाशीबी आहे."

तो हसला, पण मी हसले नाही.

त्यानं वजनकाटा मागितलाच नाही. खिशातून टेप काढला आणि टोपल्यांच्या ढिगाची लांबी-रुंदी घेऊ लागला. गटाची खजिनदार माझ्या कानाशी लागली, "हा माल नेऊन राह्यला का झंपर शिवून राह्यला?" त्यानं ते ऐकलं. म्हणाला, टोपली हलकी असते, पण जागा खाते, आणि भाडं त्या जागेचं लागतं. मागच्या वेळी तुम्ही टोपल्या कमी आणि हवाच जास्त पाठवली. आता लहान टोपली मोठीत घाला, ती तिच्याहून मोठीत. विमान सोडा, जहाज धरा, फक्त माल लवकर तयार ठेवा. अख्खा कंटेनर घेऊ नका, वाट्याचा घ्या. म्हणजे एकाच डब्यात नागपूरच्या कोण्या कारखान्याचे नटबोल्ट, कोणाच्या चादरी, आणि कोपऱ्यात आपण. जहाजवाल्याकडून जागा तो ठोक भावानं घेतो आणि आमच्यासारख्यांना तुकड्यानं देतो. मधलं थोडं त्याचं.

हे मला लगेच समजलं. बाजार उठायच्या वेळी वांग्यांचा अख्खा ढीग घ्यायचा आणि पाच जणींनी वाटून घ्यायचा, तसंच. पण समजलं म्हणजे पटलं असं नाही. वाटणीत किडकी वांगी कोणाच्या पदरात पडतात, तेही मला ठाऊक आहे.

माल न्यायच्या दिवशी तर माझा संशय पक्का झाला. आम्ही टोपलीत टोपली घालून, गोणपाटात गुंडाळून, सुतळीनं शिवून गठ्ठे तयार ठेवले होते. हा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "सगळे खोला."

"काऊन?"

"आत काय आहे ते मले पाह्यलं पाहिजे. कागदावर माझंबी नाव राहते."

"टोपल्या आहेत. सोनं भरलं का आम्ही?"

मला वाटलं, याला आमची वीण पाहायची आहे. नमुना नेऊन दुसऱ्या गटाला देईल आणि आम्ही बसू हात चोळत. मी सरळ गठ्ठ्यावर जाऊन बसले. गाडीचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसत होता. हसू दे, म्हटलं.

शेवटी आमच्यातली सर्वांत म्हातारी, जिच्याकडून आम्ही सगळ्या विणायला शिकलो, ती म्हणाली, "ऊठ व. पाहू दे त्याले. लपवाले काय आहे?"

मी उठले. त्यानं सुतळी सोडली, एकातून एक टोपल्या काढल्या आणि सर्वांत लहान टोपली तळहातावर उलटी केली. मूठभर धान पडलं, हळदीकुंकू लावलेलं.

"हे काय बाई?"

"धान."

"ते दिसते. टाकलं कोणं?"

"म्याच," म्हातारी म्हणाली. "सगळ्यात टाकलं. रिकामी टोपली कोणी कोणाच्या घरी धाडते का?"

आमच्याकडे नवी टोपली, नवं सूप रिकामं देत नाहीत. घेणाऱ्याच्या घरी बरकत राहावी म्हणून मूठभर धान घालतातच. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

तो ओट्यावर टेकला. म्हणाला, बांबूला नागपुरात कीड मरायला औषधाची धुरी देतात आणि दाखला मिळतो, पण तो दाखला बांबूचा, धानाचा नाही. त्या देशात टोपलीतून धानासारखं बियाणं सांडलं की डबा अडकलाच. अडकलेल्या डब्याचं भाडं रोज चढतं. "अन् डबा आपल्या एकट्याचा नाई. चादरीवालाबी अडकते, नटबोल्टवालाबी."

सगळे गठ्ठे अंगणात उलटे झाले. गावातल्या कोंबड्यांना जणू निमंत्रणच गेलं. पण आता म्हातारी अडून बसली. "रिकाम्या मी धाडत नाई. राहू द्या घरी." अर्ध्या टोपल्या तिच्या हातच्या. तिच्याशी वाद घालायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

एजंटानंच विचारलं, "आजी, धानच पाहिजे का?"

"भरली पाहिजे."

"मंग भरा की. जागेचे पैसे तर देऊनच राह्यले तुम्ही, आतली जागा फुकट चालली. पण तुमच्या हातचं बांबूचंच काही भरा, अन् मले सांगून."

आमच्याकडे बांबूचे चमचे पडून होते, इथं ते कोणी घेत नव्हतं. दुकानदारणीला फोटो पाठवला, ती हो म्हणाली. कागद मात्र नव्यानं करावे लागणार होते, म्हणजे त्या आठवड्याचा डबा चुकला. मी लगेच धरलं त्याला, "उशिराचं भाडं कोण भरन?"

"माल डब्यात चढलाच नाई, तर भाडं कायचं? त्याच्याचसाठी इथी खोला म्हणत होतो, बंदरावर नाई."

बोलणं बिनचूक होतं. कोणी इतकं बिनचूक बोललं की माझा संशय आणखी वाढतो. म्हणून माल निघाला तेव्हा मीही गाडीत चढले.

"मावशी, विश्वास नाई का?"

"हाय ना. पण सोबत येतो."

नागपुरात धुरीच्या वासानं डोकं धरलं, पण आमचे गठ्ठे चादरींच्या खोक्यांशेजारी रचले जाईस्तोवर आणि डब्याच्या दाराला सील लागेस्तोवर मी हलले नाही.

तिकडच्या कस्टमवाल्यांनी एक गठ्ठा उघडला, चमचे पाहिले, परत बांधून दिला. माल पोहोचला, आणि या वेळी बायकांच्या हातात काहीतरी पडलं. गट टिकला.

तिसऱ्या खेपेच्या वेळी मी त्याला एकट्यालाच विचारलं असेल, असं समजू नका. आणखी दोघांचे भाव मागवले. एकाचा भाव याच्यापेक्षा बराच कमी निघाला. त्या स्वस्तवाल्याला मी फोनवर म्हटलं, "माल न्यायच्या आधी गठ्ठे खोलून पाहसान ना?"

"कायले मावशी? तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे आमचा."

मी फोन ठेवून दिला.