क्लेम ऑर्मरॉडनं सोडलेला सामना

ब्रॅकेनशॉ रोव्हर्स या आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास ऐकायचा असला की आमच्या गावात पोरासोरांना क्लेम ऑर्मरॉडकडे धाडतात. गिरणीतल्या विणकरांनी चर्चच्या मागच्या अंगणात क्लब कसा काढला, लढाईच्या दिवसांत मैदान खणून बटाटे कसे लावले, प्रेक्षकांचा लाकडी स्टँड जळाला तेव्हा गावानं दारं-खिडक्या काढून फळ्या कशा दिल्या, सगळं तोंडपाठ. म्हातारा सांगायला बसला की चहा गार होतो, पण उठवत नाही.

आणि त्याचं शेवटचं प्रकरण ठरलेलं. लीगमधून बाहेर फेकले जायची वेळ आली होती तो सामना. विल्फ हेडॉकचा सामना.

क्लेम आणि विल्फ एकाच गिरणीत, एकाच खात्यात. मैदानावरही जोडी तीच. गोलच्या मागे पायऱ्यांवर, लोखंडी कठड्याशी, जागा ठरलेली. पाऊस असो, गारा असो, तिथं तिसरा कुणी उभा राहिला तर क्लेम त्याला नुसत्या नजरेनं हलवायचा. सामना संपायच्या आत जो निघेल त्याची तर खैर नाही! "काय रे, बायको दारात लाटणं घेऊन उभी आहे वाटतं?" अख्ख्या पायऱ्या हसायच्या. आजारी आईला टाकून जत्रेला जावं, तशी गोष्ट ती आमच्याकडे.

त्या दिवशी रोव्हर्स दोन गोलांनी मागे. हरले तर लीग संपली, बापजाद्यांचा क्लब कुठल्या तरी शेतात खेळणार. क्लेमनं कठडा सोडला.

"विल्फ, मला नाही बघवत. मी चाललो."

"थांब की रे म्हाताऱ्या. अजून वेळ आहे."

"कसला वेळ! मढं झालंय त्यांचं."

टोपी डोळ्यांवर ओढून, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं तो बाहेर पडला आणि घरच्या बसमध्ये चढला. बस पुलावर पोचली तेव्हा पहिला आरडाओरडा ऐकू आला. त्याला वाटलं, पाहुण्यांनी तिसरा घातला. मग दुसरा आवाज आला, आणि बसचा ड्रायव्हरच ओरडला, "बरोबरी!" क्लेमनं उडी मारली आणि धावत सुटला. तिसरा आवाज आला तेव्हा तो जेमतेम फाटकाशी पोचला होता. माणसं रडत होती, एकमेकांचे मुके घेत होती. त्या गर्दीतून स्ट्रेचर बाहेर आलं. स्ट्रेचरवर विल्फ होता.

विल्फ गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर ईनिडनं, विल्फच्या बायकोनं, क्लेमचा हात धरला. "तू होतास ना रे त्याच्याजवळ?"

क्लेमनं होकारार्थी मान हलवली.

"गोल बघितला का त्यानं?"

"बघितला. माझ्या गळ्यातच पडला."

बस्स, एवढंच. पण खोटं बोलणं पिठासारखं असतं, मळत गेलं की फुगतं. पुढं गळ्यात पडलेला विल्फ हसायला लागला, मग "जिंकलो रे!" म्हणायला लागला. ईनिड दरवर्षी त्या दिवशी क्लेमला जेवायला बोलवायची आणि पुन्हा ऐकायची. तिच्या हातचं रटरटलेलं मटण तो ताटातच इकडून तिकडे सरकवायचा. लाजेनं जीव जायचा, पण ती म्हणायची, "सांग की," आणि तो सांगायचा. चांगलं सांगायचा, हीच त्याची मोठी लाज.

क्लबला सव्वाशे वर्षं झाली तेव्हा समितीनं ठरवलं, कठड्याला पितळी पाटी ठोकायची: 'विल्फ हेडॉक इथं, मित्राच्या मिठीत, रोव्हर्सना जिंकताना पाहून गेला.' क्लेमनं पाटी दोनदा वाचली. तोंडचं खोटं एक वेळ चालून गेलं. हे तर मैदानालाच ठोकणार होते! शिवाय ज्या कठड्यावर हात ठेवायची त्याची लायकी उरली नव्हती, त्याच कठड्याला.

समारंभाच्या आधी त्यानं ईनिडला पायऱ्यांवर गाठलं.

"ईनिड, मी नव्हतो गं. मी निघून गेलो होतो. बसमध्ये होतो."

ईनिड ओरडली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, "तर मग त्याच्याजवळ कोण होतं?"

क्लेमला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. विचारायचं कसं? विचारलं असतं तर पकडला गेला असता.

ईनिड तशीच निघाली, क्लबच्या खोलीत गेली आणि भरल्या सभेत विचारलं, "माझा विल्फ पडला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं? क्लेम नव्हता, हे मला आता कळलंय."

क्लेम तिच्या मागोमाग येऊन दारातच थांबला होता. मागून हिल्डा उभी राहिली. पायऱ्यांवर किटली घेऊन चहा विकण्यात तिचा जन्म गेला होता.

"मी होते गं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. क्लेम ते सांगायचा तेव्हा तुझा चेहरा उजळायचा, म्हणून मी गप्प बसले."

"गोल बघितला का त्यानं?"

हिल्डानं क्लेमकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "नाही गं बाई. पाठ होती त्याची मैदानाकडे. बरोबरी झाल्यापासून फाटकाकडेच बघत होता. बाजूची जागा कुणाला घेऊ देईना. म्हणत होता, 'आवाज ऐकला असेल त्यानं. येईल आता.'"

त्या खोलीत जीभ आवरणारा एक माणूस नव्हता. एखादी शिवी आली असती तर क्लेमला ती चालली असती. त्यानं वाट पाहिली, आलीच नाही.

ईनिडनं पाटी टेबलावरून उचलली, पालथी घातली आणि कोट चढवला. दारातून जाताना ती क्लेमच्या इतक्या जवळून गेली की तिची बाही त्याला लागली.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि तो सरकला.