रनचा बारावा अर्थ

आज माळ्यावरून माझी जुनी डिक्शनरी काढली, तर कव्हरला अजून आंबट दुधाचा वास होता. माझे वडील, अप्पा, कात्रजला एका डेअरीत दुधाचे क्रेट उचलायचे. रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांनीच ते कव्हर शिवलं होतं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ‘रन’ या एवढ्याशा शब्दाला पानभर अर्थ आहेत, हे ऐकून ते चक्रावले. मग रोज संध्याकाळी मी एक अर्थ वाचायचा आणि त्यांनी पुढे पेन्सिलीने खूण करायची, असा नेमच झाला. पळणं, मशीन चालणं, नदी वाहणं, निवडणूक लढवणं.

एकदा कॉलेजची मैत्रीण घरी आलेली असताना त्यांनी विचारलं, “बाईसाहेब, आजचा अर्थ?”

“अप्पा, क्रेट उचलायला अकरा पुरेत,” मी म्हणाले. मैत्रीण हसली.

“तेही खरंच,” म्हणत त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. पुन्हा कधी विचारलं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

अप्पांना जाऊन वर्ष झालं. पानावर अकराच खुणा आहेत. बारावा अर्थ आज मी मोठ्याने वाचला. पेन्सिल जवळच होती, पण खूण करायचं काम त्यांचं होतं.