माकडटोपीतला फोटोग्राफर

रात्रीचे फोटो काढायला घट्ट तिपाई लागते, शांत डोकं लागतं आणि घरी थांबणारे नातेवाईक लागतात. मला फक्त तिपाई मिळाली.

सातपूरच्या एका कारखान्यात मी दिवसभर यंत्रांचे बिघाड शोधतो. पन्नाशी जवळ आली की माणसं योगासनं करू लागतात किंवा गुडघ्यांविषयी बोलू लागतात. मी कॅमेरा घेतला आणि नाशिकच्या रात्रीच्या मागे लागलो. घाटावरचे दिवे टिपून झाले, उड्डाणपुलावरच्या गाड्यांच्या लाल रेघा टिपून झाल्या. मग मला गंगापूर धरणाच्या पलीकडे, गिरणाऱ्याच्या बाजूला एक टेकाड सापडलं. माथ्यावर एकच बाभूळ, तिच्यामागे लांबवर शहराचे दिवे, वर चांदण्या. चांदण्या ठसठशीत दिसाव्यात म्हणून मी अमावास्येची रात्र निवडली. (फोटोग्राफीच्या दृष्टीनं हा निर्णय अचूक होता. बाकी सगळ्या दृष्टींनी काय होता, ते पुढे येईलच.)

"एकटं जायचं नाही," शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "तिकडे बिबट्या फिरतो."

"तू आलीस म्हणून तो फिरायचा थांबेल?"

"निदान घरी फोन करायला कोणी तरी उरेल."

शैला येणार म्हटल्यावर सासूबाईंचा प्रश्न आला. त्या चांदवडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा अजून यायचा होता. आमच्या फ्लॅटमध्ये एकटं राहायला त्यांचा ठाम नकार. "लिफ्टचा आवाज आला की मला दरोडा पडल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. शेवटी शाल, थर्मास आणि डोळ्यांचे थेंब घेऊन त्याही गाडीत बसल्या.

गाडी टेकाडाच्या पायथ्याशी लावली. सासूबाई आत बसून राहिल्या, आम्ही दोघं वर चढलो. थंडी कडाक्याची होती, म्हणून मी माकडटोपी चढवली. कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसावा म्हणून डोक्यावरून शैलाची काळी ओढणी घेतली. शैलाला टॉर्च देऊन बाभळीमागे पाठवलं. "मी शिट्टी वाजवली की झाडावर टॉर्च फिरव," मी बजावलं. "एरवी हलायचं नाही. बोलायचंही नाही. काहीही झालं तरी."

पहिल्याच फोटोत खाली लख्ख उजेड पडला. सासूबाईंनी थर्मास शोधायला गाडीचं दार उघडलं होतं आणि आतला दिवा लागला होता. मी खाली गेलो, त्यांना चहा ओतून दिला आणि दार उघडलं तरी लागणार नाही असा तो दिवाच बंद करून टाकला. मोठा प्रश्न सोडवल्याच्या समाधानात वर आलो, ओढणी डोक्यावर घेतली आणि कॅमेऱ्यात तोंड खुपसलं.

त्यानंतर सासूबाई गाडीतून कधी उतरल्या, ते मला कळणं शक्यच नव्हतं.

बसून बसून त्यांचे पाय आखडले होते. उतरून चार पावलं चालल्या आणि सहज वर बघितलं. त्यांच्या त्या बिनचष्म्याच्या नजरेला काय दिसलं, हे त्यांनी नंतर सगळ्या चांदवडला सांगितलं आहे: वाकलेला काळा माणूस, त्याला डोकं नाही, पाय तीन आणि पोटात लाल दिवा. त्यांनी हळूच लेकीला हाक मारली. लेक बाभळीमागे, मला दिलेल्या शब्दाला जागून गप्प. जावयाला हाक मारली. जावई ओढणीत. मग ती म्हातारी अंधारात धडपडत, बांधावरून ठेचकाळत, दिवा दिसला त्या वस्तीवर गेली.

मला पहिल्यांदा कुत्री ऐकू आली. मग पावलं. बरीच पावलं. मी ओढणी बाजूला केली, तर टेकाड चढून बॅटऱ्यांची रांग येत होती आणि प्रत्येक बॅटरीच्या शेजारी एक काठी होती.

"हलायचं नाय. काय करून राह्यला रे इथं?" पुढच्या धिप्पाड माणसानं विचारलं. त्याला सगळे सोमनाथभाऊ म्हणत होते.

"फोटो काढतोय."

"कशाचा?"

मी आजूबाजूला पाहिलं. काळोखाशिवाय दाखवायला काही नव्हतं. "अंधाराचा," मी म्हणालो. ते उत्तर कोणालाच आवडलं नाही.

"ही मशीन बघ भाऊ, तीन पायाची," मागून कोणीतरी म्हणालं. "हिनंच विहिरीतल्या मोटारी वर वढत असतील."

तेव्हा कळलं. त्या शिवारात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या आणि लोक रात्री जागून काढत होते. आज त्यांच्या हाती अमावास्येला, आडरानात, माकडटोपी घातलेला माणूस लागला होता. मी त्यांच्या जागी असतो, तर इतकं विचारतही बसलो नसतो.

मला ढकलत कॅमेऱ्यापुढं आणलं. शैलाला बोलवावं म्हणून मी तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवली. लग्न झाल्यापासून तिनं माझं शब्दशः ऐकलं ते त्या एका रात्री. शिट्टी ऐकताच बाभळीमागून टॉर्चचा झोत निघाला आणि झाडावर सावकाश, खालून वर, वरून खाली फिरू लागला.

"साथीदार हाय," सोमनाथभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "इशारा करतोय."

दोघं काठ्या परजत बाभळीकडे निघाले. "अहो, ती माझी बायको आहे. तिला हात लावू नका," मी ओरडलो. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शाल गुंडाळलेल्या सासूबाई पुढे आल्या. इतका आनंद मला त्यांना पाहून कधीच झाला नव्हता.

"आई, सांगा यांना, मी तुमचा जावई आहे म्हणून."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "माझा जावई इंजिनेर हाय," त्या म्हणाल्या. "तो लय सभ्य माणूस. ह्यो नाय. माझ्या लेकीचं काय केलंस, ते सांग आधी."

हे विचारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तोंडावर चोर म्हणत होत्या, आणि रडत होत्या त्या आमच्यासाठीच. एका काठीनं माझ्या खांद्याला हलकेच स्पर्श केला, जागा निश्चित करावी तसा.

"आई?" शैलाचा आवाज आला. दोन काठ्यांच्या मधोमध ती टॉर्च धरून शांतपणे येत होती. "तू गाडीतून कशाला उतरलीस? आणि हे सगळे कोण?"

सासूबाईंनी तिला घट्ट धरलं, अंगावरून हात फिरवून सगळी शाबूत असल्याची खात्री केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मग ह्यो कोण?"

शैलानं टॉर्च माझ्या तोंडावर मारली. उत्तर द्यायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला, असं मला अजूनही वाटतं. "हेच ते," ती म्हणाली. "अहो, टोपी काढा ना."

मी माकडटोपी काढली. सगळ्या बॅटऱ्या माझ्या डोक्यावर आल्या आणि टेकाडावर चांगला उजेड पडला.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "टक्कल वळखीचं हाय."

काठ्या खाली झाल्या. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, सोमनाथभाऊ तर खाली बसून हसले. मीही हसायला गेलो, पण दात वाजत होते.

वस्तीवर गेलो तेव्हा चूल पुन्हा पेटली होती. सोमनाथभाऊंच्या घरच्यांनी चहा दिला, सासूबाईंच्या ठेचकाळलेल्या अंगठ्याला हळद लावली. बायका त्यांच्याभोवती बसल्या. एवढ्या अंधारात एकटी म्हातारी मदतीला धावली, याचं सगळ्यांना कौतुक. माझ्याकडे कोणी फारसं बघत नव्हतं. "फोटो दाखवा तरी," सोमनाथभाऊ म्हणाले. रात्रीच्या फोटोसाठी उघडलेलं शटर त्या सगळ्या गोंधळात उघडंच राहिलं होतं. फोटोत बाभूळ होती, शहराचे दिवे होते, काठ्या रोवून उभी असलेली माणसं ओळखू येत होती. मधोमध नुसतं धुकं होतं.

"हे काय?"

"हा मी," मी म्हणालो. "हललो ना."

निघताना सोमनाथभाऊंनी माझा नंबर घेतला. काही महिन्यांनी नाशिकच्या बाजारात टोमॅटो घेऊन आले, तेव्हा आजींसाठी म्हणून एक क्रेट घेऊन थेट आमच्या सोसायटीच्या फाटकावर उभे राहिले आणि मला फोन लावला. मी खाली उतरून त्यांच्या शेजारी पोचलो तरी फोन वाजतच होता. त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर लिहिलं होतं: मोटारचोर.

ते ओशाळले. "त्या राती घाईत टाकलं हो. चुकलं आमचं. बदलतो लगेच. नाव काय म्हणालात?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. त्यांनी एकेक अक्षर दाबत ते नीट लिहिलं आणि मला दाखवलं. नाव बरोबर होतं, आडनाव बरोबर होतं आणि पुढे कंसात 'मोटारचोर' तसंच होतं.

"नुसतं नाव टाकलं तर," सोमनाथभाऊ म्हणाले, "घरच्यांना कळायचं नाय, कोणाचा फोन हाय ते."