चपला घालून आत

माझी सासू सरजाबाई कुणाशी गोड बोलली, असं आमच्या वस्तीत कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. घरात तर ती सुनांच्या अंगावर खेकसूनच बोलायची. पण बाहेर कुणी तिला नुसतं "ए" म्हटलं, की तिचं डोकं फिरायचं.

चपलांचं तर विचारूच नका. तिची आई गावातून जाताना चपला हातात घेऊन चालायची. आम्ही बौद्ध झालो त्या साली बापानं वयात आलेल्या सरजाबाईला नव्या चपला आणल्या आणि बजावलं, आता कुणाच्या भीतीनं काढायच्या नाहीत. तिनं ते जन्मभर पाळलं.

लातूर जिल्हा नवा होता तेव्हाची गोष्ट. देवणीकडं पावसानं पाठ फिरवली आणि वस्तीची विहीर आटली. टँकर मागायला पाणीटंचाईच्या कचेरीत जावं लागायचं. कचेरी कसली, भाड्याचं गोदाम ते. तिथं चपला काढा असा हुकूम कुठंच नव्हता. पण निजामाच्या काळापासून सरकारी दारात पायताण काढायची सवय लागलेली, म्हणून लोक इथंही आपणहून काढायचे. कुणी विसरलाच, तर शिपाई रेवणप्पा अंगावर धावून जायचा. साहेब मात्र आत बूट घालून बसलेला.

सरपंच व्यंकटरावांबरोबर सासू गेली. व्यंकटरावांनी जोडे काढले. सासूनं काढले नाहीत.

"ए बाई, चपला भाईर!" रेवणप्पा ओरडला.

"का? देऊळ हाय का हे?"

साहेबानं मान वर केली. "आधी काढून ये, मग बोल."

"तुमी बूट काढा, म्या चपला काढते."

तिला हाकलून दिलं. व्यंकटरावांनी टँकर मंजूर करून घेतला, पण गावच्या आडावर. त्या आडावर आमची घागर चालत नव्हती. कुणी वरून ओतलं तर ओतलं, तेही शिव्या देत. वस्तीतल्या बायका सासूवर तुटून पडल्या. "तुझ्या चपलेपायी आमची लेकरं तहानली," असं तोंडावर म्हणाल्या. मीही धुसफुसत होते, कारण लांबच्या मळ्यातून पाणी मलाच आणावं लागत होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "तू जा कचेरीत. चपला काढ, पण टँकर आण."

माझं डोकंच सरकलं. "तुमचा तेवढा मान, अन् माझा काय उकिरड्यावर पडलाय?"

"लेकरं पानी मागायलीत गं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी पडला होता.

मी गेले. दारात पाय घुटमळले, खोटं कशाला बोलू? मग तशीच आत शिरले. रेवणप्पानं दंड धरला. मी हिसडा मारला आणि टेबलापुढं फतकल मारून बसले.

"सायेब, आमच्या वस्तीचा टँकर लिवा, म्या जाते. न्हाई लिवला तर हितंच बसते."

साहेबानं आवाज चढवला, पोलिसाची भीती घातली. मी हलले नाही. दारात माणसं गोळा व्हायला लागली, तशी त्यानं कटकट टळावी म्हणून सही केली आणि कागद माझ्या अंगावर फेकला. मी तो उचलला आणि निघाले.

टँकर वस्तीवर आला. घागरींच्या रांगेत सासूनं हळूच विचारलं, "काढल्या व्हत्या का?"

"न्हाई."

"अन् त्यो अडून बसला असता तर?"

"तर तुमच्यासंगं म्या बी शिव्या खाल्ल्या असत्या."

तिनं माझ्या हातातली घागर ओढून घेतली. "तू बस सावलीला. म्या भरते."

एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच. मला भरून आलं आणि त्याच्या दुप्पट संताप आला. कचेरीत जो मान मागायला ही बाई भांडली, तो घरात द्यायला हिला एवढी वर्षं का लागावीत? मी तसं तिला तोंडावर विचारलंही.

"आता बस की गुमान," ती खेकसली.