तीन ठोके, मग दोन

मी आधीच सांगून टाकते, मला कुत्र्यांचं प्रेम नाही. चौदा वर्षं मी त्यांच्यासाठी रोज दोन मोठी पातेली भात शिजवतेय, ते माझ्या मोठ्या जाऊबाईंसाठी. लोकांना वाटतं, आम्ही दोघी जावा सारख्याच वेड्या. तसं काही नाही. वेड्या त्या, आणि मी त्यांच्या पायी अडकलेली.

जाऊबाई शाळेत शिपाई होत्या. तेहतीस वर्षं शाळेची घंटा त्यांनीच दिली. घंटा म्हणजे काय, व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडी. सकाळी शाळा भरताना तीन ठोके, जरा थांबून आणखी दोन. गावातला विशीपासून पन्नाशीपर्यंतचा प्रत्येक माणूस कधी ना कधी हे ठोके ऐकून दप्तर सावरत पळालेला आहे. अजूनही सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, जणू त्या शिपाई नसून शिक्षिकाच होत्या.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी गावाबाहेरची बंद पडलेल्या दूध केंद्राची शेड मागून घेतली. मला वाटलं, शिलाई मशीन टाकतील, दोन पैसे येतील. कसलं काय! पहिल्या दिवशी एक आंधळी मांजर आली, आठवड्याभरात सात कुत्री. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'इथे आलेल्या एकाही जनावराचा जीव घेतला जाणार नाही.' मी म्हटलं, कुत्र्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, त्यांच्यासाठी नाहीच ती.

खरंच नव्हती. तोपर्यंत गावाची रीत सोपी होती. नको असलेली पिल्लं पोत्यात घालायची आणि नदीवर जायचं. पाय मोडलेलं कुत्रं दिसलं की कुणीतरी दगड उचलायचा आणि वर, सुटलं बिचारं, म्हणायचा. जनावरांचा डॉक्टर तीस मैलांवर. जाऊबाईंनी त्याच्याकडे इतक्या खेपा घातल्या की शेवटी त्याने हात टेकले आणि दर गुरुवारी बसने यायचं कबूल केलं. आला की तो शेडमधल्या टेबलावर ऑपरेशन करून कुत्र्यांची वीण थांबवायचा, खूण म्हणून कानाचा बारीक तुकडा कापायचा, आणि चार दिवसांनी आम्ही त्या कुत्र्याला त्याच्या गल्लीत परत सोडायचो. आजारी, लंगडी, म्हातारी तेवढी आत. अशी आत तीस आणि गावभर साठेक.

सगळ्यांचं जेवण दुपारी चारला. जाऊबाई जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहायच्या आणि डावाने वाजवायच्या, तीन ठोके, मग दोन. सवयच ती. गल्लीगल्लीतून कुत्री निघायची. आणि त्यांचा हट्ट असा, की प्रत्येक नव्या कुत्र्याने निदान एकदा तरी हातातून खाल्लं पाहिजे. त्यासाठी तळहातावर भात घेऊन अर्धा अर्धा दिवस उकिडव्या बसायच्या. गुडघे धरले तरी उठायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, जे कुत्रं हातातून खातं त्याला माणूस घाबरत नाही, आणि ज्याला माणूस घाबरत नाही त्याला घर मिळतं. अशी चाळीसएक कुत्री लोकांनी घरी नेली. मी नाही म्हणणार नाही, पद्धत चांगली होती.

लंगडीला कुणी नेलं नाही. ट्रकखाली तिचा मागचा एक पाय गेला होता. ती जाऊबाईंच्या मागे मागे फिरायची आणि त्या बसल्या की त्यांच्या पायावर हनुवटी टेकायची. माझ्या पातेल्यात दोनदा तोंड घातलं होतं तिने. मी तिला मनापासून शिव्या द्यायचे आणि खरवड तिच्यासाठी बाजूला काढायचे.

यंदा नदीच्या वळणावर पोल्ट्री झाली. पोल्ट्रीवाला गावचाच, तिशीतला, बोलायला लोण्यासारखा. एका आठवड्यात त्याच्या अकरा कोंबड्या गेल्या. कुत्र्यांनीच नेल्या असतील, मी खोटं कशाला बोलू? आमच्यातलीही असतील. जाऊबाईंनी स्वतः जाऊन त्याच्या जाळीची भोकं तारेने शिवून दिली. तो म्हणाला, बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात. यापुढे मीच बघतो.

दहा दिवसांनी गिरणीच्या मागे तीन कुत्री मेलेली सापडली. तोंडाला फेस, पाय ताठ, आणि पोट भरलेलं. तिघांचेही कान कापलेले, म्हणजे आमचीच. गुरुवारी डॉक्टर आला, बघून म्हणाला, मटणात विष. चौकीत गेलो तर हवालदाराने विचारलं, माणूस कोण मेलंय का? नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली.

मला एकच कोडं पडलं होतं. गल्लीतली कुत्री हुशार असतात. अनोळखी माणसाने टाकलेलं ती आधी हुंगतात, लांब नेतात, अर्धं सोडतात. तिघं एका जागी, एकाच वेळी, पोटभर कशी खातील? जाऊबाईंना विचारलं तर त्या उठून कुत्री मोजायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी चहाही अर्धा ठेवला.

उत्तर मिळालं पुढच्या सोमवारी, भर दुपारी. बाराचा सुमार. मी तांदूळ निवडत होते, जाऊबाई माझ्या शेजारी बसून एका पिल्लाच्या कानात औषध घालत होत्या. परात भिंतीला टेकवून ठेवलेली, मला समोर दिसत होती. आणि नदीच्या बाजूने आवाज आला. तीन ठोके. जरा थांबून दोन.

शेडमधली सगळी कुत्री उठून उभी राहिली आणि शेपट्या हलवायला लागली. जाऊबाईंच्या हातातली बाटली सांडली. पुन्हा तेच ठोके. रस्त्यावर बघते तर तीन-चार कुत्री वळणाकडे दुडक्या चालीने निघालेली, मागून आणखी दोन. जेवायला बोलावल्यासारखी, आनंदात. जाऊबाई अनवाणी धावल्या. सत्तरीची बाई किती धावणार? आम्ही पोचलो तेव्हा वळणावर माणूस नव्हता. पाच कुत्री होती. एक अजून पाय झाडत होतं. जाऊबाईंना बघून त्याने शेपटी आपटली, दोनदा. मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोल्ट्रीवाल्याकडे गेलो. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. ऐकून घेतलं सगळं. फार वाईट झालं, म्हणाला. कोण करत असेल, म्हणाला. गावात काय, ही घंटा कुणालाही येते. बोलता बोलता त्याची बोटं टेबलाच्या कडेवर वाजत होती. तीन, आणि दोन. त्याला कळतही नव्हतं. जाऊबाई त्या बोटांकडेच बघत होत्या. निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला.

"बाई, माझं तुमच्याशी वैर नाही," तो म्हणाला. "तुमच्याच घंटेवर मोठा झालो मी. पण हे आता संपणार, एवढं लक्षात घ्या."

वाटेत मी तोंडाचा पट्टा सोडला. त्याच्या सात पिढ्या काढल्या.

त्यांनी आधी ठोके बदलून पाहिले. एकच लांब ठोका, मग चार. काही उपयोग नाही. कुत्र्यांना परात वाजल्याशी मतलब, गणिताशी नाही. सगळ्यांना आत घ्यावं तर शेडमध्ये तिसाच्या जागी नव्वद कुठे बसणार? दोन दिवस त्या नुसत्या फाटकाशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंपणाला लावलेल्या निरगुडीची एक लांब फोक तोडली, पानं ओरबाडून काढली, आणि परात हातात घेतली.

"भात उतरवू नकोस," त्या मला म्हणाल्या. "आजपासून परातीला जे येईल ते मार खाईल. माझ्या हातून खाईल. नाहीतर त्याच्या हातून मरेल."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी परात वाजवली. कुत्री आली, नेहमीसारखी अंगावर उड्या मारत. आणि जाऊबाईंनी फोक चालवली. चौदा वर्षांत त्या बाईने एकाही जनावरावर हात उचलला नव्हता. कुत्री ओरडली, मागे सरली, आणि पुन्हा जवळ आली. त्यांना वाटलं असेल, चुकून लागलं. जाऊबाईंनी पुन्हा मारलं. मी ओरडले, "अहो, पुरे करा," तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आत जाऊन पातेल्याजवळ उभी राहिले आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

भात त्यानंतर आम्ही न बोलता, न वाजवता, वेगवेगळ्या ठिकाणी ढीग घालून ठेवायचो आणि निघून यायचो. दिवसातून तीन वेळा परात. तीन वेळा फोक. जाऊबाईंनी जेवण टाकलं. मी ताट पुढे केलं की म्हणायच्या, हाताला वास येतोय. कसला वास, मी विचारलं नाही.

गुरुवारी डॉक्टर आला तेव्हा कुत्री कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेली बघून चरकला. ऐकल्यावर बराच वेळ पट्टी गुंडाळत बसला.

"बाई, वाचतील ही," तो म्हणाला. "पण भ्यालेलं कुत्रं आज ना उद्या चावतं. मग तो पोल्ट्रीवाला म्हणेल, बघा, मी सांगत होतो. आणि गाव त्याचं ऐकेल."

"मला माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "पण तो उद्या आहे. मला आज निभवायचाय."

पाच दिवसांत गल्लीतली कुत्री शिकली. आठव्या दिवशी आतलीही. परात वाजली की धूम, जिकडे वाट मिळेल तिकडे. एक लंगडी तेवढी शिकेना. परात वाजली की ती तीन पायांवर उड्या मारत यायची, फोक बसली की कुई करून खाली बसायची, आणि सरपटत येऊन जाऊबाईंच्या पायावर हनुवटी टेकायची. मारणाऱ्या बाईच्याच पायावर! मला ते बघवेना. मी म्हटलं, हिला घरी नेऊ, बांधून ठेवू. नेली. बांधली. तिने दोरी कुरतडली आणि अर्ध्या तासात शेडवर हजर. जाऊबाई म्हणाल्या, ही अशीच जाणार वळणावर, सगळ्यांच्या आधी.

दहाव्या दिवशी त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि लंगडीला घेऊन शेडचं दार लावलं. आतून परातीचे ठोके आले. मग फोकेचा आवाज. मग लंगडीचा. मी मोजले नाहीत. किती तरी वेळाने पुन्हा परात, पुन्हा तेच. मी दारावर मुठी आपटल्या, काय वाटेल ते बोलले. वयाचा, नात्याचा मान ठेवला नाही. दार उघडलं तेव्हा लंगडी बाणासारखी बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीखाली शिरली. जाऊबाई उंबऱ्यावर बसल्या. हातात फोक तशीच. रडत होत्या म्हणावं, तर डोळे कोरडे होते.

दोन दिवसांनी दुपारी वळणावरून ठोके आले. तीन, मग दोन. रस्त्यावर दोन कुत्री झोपली होती, ती उठली आणि वळणाच्या उलट दिशेने पळाली. आतली सगळी भिंतीला चिकटली. ठोके वाजतच राहिले. जोरात, मग आणखी जोरात. मग चिडल्यासारखे, कसेही. त्यानंतर बंद झाले. एकही कुत्रं गेलं नाही. मी मोजून आले, गल्ल्यांतून सुद्धा. एकही नाही.

मला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. जाऊबाईंनी मात्र एका वाडग्यात भात घेतला, वर खरवड ठेवली आणि टाकीजवळ गेल्या. गुडघे धरून उकिडव्या बसल्या. तळहातावर भात घेऊन हात टाकीखाली केला आणि हळू आवाजात, नेहमीच्या लाडाने, लंगडीला हाक मारली.

टाकीखालून गुरगुर आली. लंगडीची मी ऐकलेली पहिली गुरगुर. मी वाकून पाहिलं. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, ओठ मागे, सगळे दात बाहेर, आणि खाली तिची लघवी झालेली. जाऊबाईंनी हात लगेच मागे घेतला नाही. त्या तशाच बसून राहिल्या, बराच वेळ. मग भात वाडग्यात परत टाकला, वाडगा आत सरकवला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"चल, लांब जाऊ," त्या म्हणाल्या. "आपण इथे असेपर्यंत ती खायची नाही."