संध्याकाळचा आकडा

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, सकाळी साडेसात. स्थळ आमची गच्ची, काम वर्षाची चटणी. हजर: मी, गडहिंग्लजहून पहिल्या एसटीने आलेली थोरली नणंद, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, धाकटी जाऊ, आणि मिरच्यांचं पोतं वर चढवण्यापुरता नवरा. माझा उजवा हातही हजर होता, पण त्याचा भरवसा नव्हता.

गेल्या वर्षी उजव्या काखेतली गाठ काढली. रिपोर्ट चांगला आला, टाके सुकले, भेटायला येणारे थांबले. आतली एक नस मात्र दुखावली ती दुखावलीच. काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने कधी चटका बसतो, कधी करंट. कुणाचा धक्का लागला तर एक वेळ चालतं, पण पदराचं टोक नुसतं घासून गेलं तरी डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पूर्ण जाईल असं मी सांगत नाही, पण आपण आटोक्यात ठेवू. आटोक्यात ठेवणं हे माझं आवडीचं काम. घरी येऊन मी यादी केली.

ब्लाउजच्या उजव्या बाह्या उसवून सैल केल्या. पर्स डाव्या खांद्यावर गेली. गोळी रात्री नऊला, कारण ती घेतली की तासाभरात पेंग येते. रंकाळ्यावर वारा उजव्या हाताला लागू नये म्हणून मी उलटी फेरी मारते. त्यामुळे रोजचे सगळे ओळखीचे समोरून भेटतात आणि अर्धा तास जास्त जातो. एक मलमही आहे, त्यात मिरचीचा अर्क असतो. कोल्हापुरात हे कुणी गंभीरपणे ऐकून घेत नाही.

शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा होता. मी पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि फ्रिजवर चुंबकाने लावला. इथेच चुकलं. फ्रिज घरातले सगळे उघडतात. पहिल्याच आठवड्यात एका सातामुळे माझं भाकरी थापणं बंद झालं. आठ लिहिल्यावर स्कूटरची किल्ली कपाटात गेली. मग चटणीचा विषय निघाला, तेव्हा जाऊ म्हणाली, यंदा विकतच आणूया. लग्न होऊन आल्यापासून या घराची चटणी माझ्या मापाने होते. त्या दिवसापासून मी तीन लिहायला लागले. तीनला कुणी काही म्हणत नाही. मागच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी तिनांची रांग पाहून गोळी लागू पडली असं ठरवलं, डोस तोच ठेवला आणि इतका सुबक तक्ता कुणी आणत नाही म्हणाल्या. मी खूश होऊन घरी आले.

तर गच्ची. देठं काढून झाली आणि मिरच्या भाजायला मी बसले, उलथनं डाव्या हातात. अक्कांनी कारण विचारलं. दोन्ही हातांना सवय असलेली बरी, असं मी सांगितलं. मिरच्या भाजताना हात थांबवून चालत नाही. दुसरी कढई अर्धी झाली असेल तेवढ्यात वारं आलं, पदर उडाला आणि दंडाला घासून गेला. मी उलथनं टाकून दंड धरला. तेवढ्या वेळात खालच्या मिरच्या काळ्या पडल्या आणि असा ठसका उठला की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई खोकत खाली गेल्या. अक्कांनी कढई उतरवली आणि एक शब्द न बोलता पाणी आणायला गेल्या. अक्का न बोलता कुठे गेल्या की मला काळजी वाटते.

परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात तक्ता.

"संध्याकाळ झाली व्हय गं?"

रविवार, संध्याकाळ: तीन. दिवस गडबडीचा जाणार म्हणून तो आकडा मी सकाळीच भरून ठेवला होता.

"दुखायच्या आधीच मोजून ठेवतीस? खरं सांग, किती हाय?"

जाऊ देठांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "साताच्या खाली न्हाय, अक्का. कपडे मी वाळत घालतोय की. हिच्या ब्लाउजची उजवी बाही दर आठवड्याला आणखी उसवलेली असती."

"सात," मी म्हटलं. "कधी आठ. पण ते लिहिलं तर तुम्ही चटणी पण काढून घ्याल."

"उलथनं काढून घेणार," अक्का म्हणाल्या. "चटणी कशाला? माप कुणाला येतंय तुझ्याबिगर?"

नवऱ्याने खालून खुर्ची आणली. मी चटणीच्या कामांची यादी घेऊन बसले, पदर खोचला, आणि उरलेल्या सगळ्या कढया तोंडाने भाजल्या. अक्कांची आच मोठी, जावेचा हात हळू. दोघींना मी तासभर मनसोक्त सुनावलं. मिठावरून अक्कांशी वाजलं, आणि त्यात मी जिंकले. जळलेल्या मिरच्या बाजूला काढल्या, तरी रंग थोडा गडद झाला आहे. दुपारी मिरची कुटायच्या डंकावर नंबर लागला, चारला चटणी कुटून आली.

एसटीला निघण्याआधी अक्कांनी माझंच पेन मागून घेतलं आणि माझ्या यादीत सगळ्यात खाली लिहिलं: डाक्टरला खरं सांगणे. मग स्वतःची बरणी पिशवीत घालून गेल्या.

देठं, भाजणं, डंक, बरण्या, शेजारी वाटी पोचवणे, सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे. आज बुधवार. दवाखाना दहाला उघडतो, आता सव्वाअकरा झालेत. मी बरण्यांना लेबलं लावली, मग ती सरळ नव्हती म्हणून काढून पुन्हा लावली. फोन शेजारीच आहे. अक्कांच्या ओळीपुढे अजून खूण नाही.