मामाजींचं पाणी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाणी मागत मागत गेले. आमच्या घरात हे कुणी तोंडाने बोलत नसे, पण सासूबाई, माझा नवरा आणि मी, तिघांनाही ते माहीत होतं. ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आम्ही पांढुर्ण्याला राहत होतो. मामाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. शेवटी शेवटी त्यांच्या अंगावर सूज चढली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं की पाणी अगदी मोजकं द्यायचं, वर थेंब नाही. या हुकमाची अंमलबजावणी सासूबाईंकडे आली. मामाजींचा आवाज बसला होता. पाणी हवं असलं की ते बोटातल्या अंगठीने पलंगाच्या लाकडावर टकटक करायचे. सासूबाई पदराने डोळे पुसत तिथंच बसून राहायच्या, पण उठायच्या नाहीत. एका दुपारी टकटक थांबली. सासूबाईंना वाटलं, झोप लागली.

लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी सकाळी नवऱ्याच्या आधी पाणी प्यायलं नव्हतं. मी पडले शाळेतली विज्ञानाची बाई. मला या गोष्टीचा राग यायचा आणि मी तो लपवत नसे. त्या हसायच्या आणि पेला हातात धरून मामाजींची वाट बघायच्या.

आमच्याकडे माणूस गेलं की देह ठेवला होता त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर टोपलं पालथं घालतात. दुसऱ्या दिवशी टोपलं उचलून बघायचं, पिठात कशाचं पाऊल उमटलं. मुंगीचं, पाखराचं, ज्याचं असेल त्या जन्माला माणूस गेलं असं धरायचं. सासूबाईंनी टोपलं उचललं तेव्हा मी मागेच उभी होते. पिठात इवलेसे पंजे होते. चार बोटं, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला एक गोल ठिपका. लहान मुलाने बोटं टेकवून चालल्यासारखे ते पंजे पिठातून निघून माठांच्या दिशेने गेले होते.

माठामागे तो बसला होता. फिकट तपकिरी झाडबेडूक, पाय अंगाशी घेतलेला, गळा तेवढा हलत होता. पावसाळ्यात आमच्या भागातल्या प्रत्येक न्हाणीत एखादा तरी असतोच. टोपल्याच्या विणीतून तो सहज आत गेला असणार. हे सगळं मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पाण्यापाशी जाऊन बसले वो," त्या म्हणाल्या. "तहान राह्यली होती त्याईची."

माझा नवरा आईपुढे कधी बोलला नाही. बेडकाला घरातच ठेवू या, म्हणून त्याने मलाच विनवलं. शाळेच्या प्रयोगशाळेत तडा गेलेली एक काचपेटी धूळ खात पडली होती, ती मी मागून आणली. तळाला माती, मातीत मनीप्लांटची फांदी, एक वाळकी काटकी, वर जाळीचं झाकण आणि कोपऱ्यात पाण्याची काचेची पसरट वाटी. मधल्या खोलीत, मामाजींचा पलंग होता त्याच जागी, दगड रचून केलेल्या ओट्यावर ही पेटी बसवली. नवरा दिव्याखालचे पतंग आणि न्हाणीतली झुरळं पकडून आणू लागला. मामाजी जन्मभर कांदा-लसूणसुद्धा न खाल्लेले. त्यांच्या नावाने झुरळ गिळलं जाताना सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मला हसू आवरत नसे.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सासूबाईंनी नेम धरला होता. मामाजी वाटीत बसल्याशिवाय आपण पाणी प्यायचं नाही. आणि बेडूक वाटीत बसेना. पाण्यात पोट टेकवलं न टेकवलं की उडी मारून काचेवर जायचा आणि वरच्या कोपऱ्यात चिकटून राहायचा. त्याचे डोळे सासूबाईंच्या दिशेने असत. पेटी फिरवून ठेवली तरी संध्याकाळपर्यंत तो पुन्हा त्यांच्याकडेच तोंड करून बसलेला दिसायचा.

"रुसले," त्या म्हणायच्या. "तवा म्या नाई देल्लं. आता म्या देल्लं त त्याईले नाई पाह्यजे."

सासूबाई दिवसातून एखादा घोट घेत, तोही माझा नवरा पाया पडला की. ओठ फुटले, बोलताना जीभ टाळूला चिकटू लागली. आणि आम्ही करत काय होतो? पावसाळ्याचं गढूळ नळाचं पाणी सासूबाई स्वतः तुरटी फिरवून आरशासारखं नितळ करत होत्या. मामाजींना आता तरी चांगलं पाणी मिळावं म्हणून वरून माझ्या नवऱ्याने आणलेल्या जंतू मारायच्या औषधाचे थेंब टाकत होत्या. पाणी जितकं स्वच्छ दिसे तितका बेडूक लवकर बाहेर उडी मारी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो, आणि तुरटी आणि असलं औषध त्याच्या कातडीला झोंबतं. हे मी पाठ्यपुस्तकातून वर्गातल्या मुलींना शिकवत होते. स्वतःच्या घरात ते सुचायला मला वेळ लागला, कारण तुरटीचं पाणी चांगलं हे आम्हा सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं.

मला ते सुचण्याआधी सासूबाईंनीच एक तोड काढली. मामाजींची बरीच नोकरी तिगावच्या स्टेशनावर झाली होती आणि तिथल्या विहिरीचं पाणी ते सुरईत भरून घरी आणत. नवरा पॅसेंजरने जाऊन एक कॅन भरून घेऊन आला. संध्याकाळी ते पाणी वाटीत ओतलं. बेडूक काचेवरून सावकाश खाली उतरला, वाटीत शिरला आणि पाय पसरून गळ्यापर्यंत बुडून बसला. सासूबाईंनी तिथंच उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायलं. पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होतं.

"ओळखलं ना?" त्या म्हणाल्या. "तुई सायन्स काय म्हन्ते आता?"

सायन्स म्हणत होतं की त्या विहिरीच्या पाण्यात तुरटी नाही, औषध नाही. मी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

रोज तिगावला कोण जाणार? नवऱ्याची नोकरी, त्यात पावसाने गाड्यांचा भरवसा नाही. तेव्हा मी तीन मडकी आणली. जाम नदीची वाळू पुन्हा पुन्हा धुतली, इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणून कुटला, उकळला, धुतला. वरच्या मडक्यात कोळसा, मधल्यात वाळू आणि खडे, खालचं रिकामं. वरच्या दोन्हींच्या बुडाला भोक पाडून सुती चिंध्या बसवल्या. नळाचं पाणी आधी दिवसभर परातीत उघडं ठेवायचं म्हणजे औषधाचा वास उडून जातो, मग ते वरून ओतायचं. सुरुवातीला शाईसारखं काळं पाणी आलं. सासूबाईंनी त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे पाणी निवळलं. त्याला तुरटीची चमक नव्हती, साधंसुधं पाणी होतं.

ते पहिल्यांदा वाटीत घातलं त्या दिवशी संध्याकाळ होत आली तरी बेडूक उतरला नाही. सासूबाईंनी आदल्या दिवसापासून घोट घेतला नव्हता. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. बाहेर पाऊस लागला होता. खोलीत अंधारून आलं आणि बेडूक ओरडू लागला. झाडबेडूक डराव-डराव करत नाही. लाकडावर अंगठी वाजवावी तसा त्याचा आवाज असतो. टकटक. टकटक. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या पापण्यांखालून पाणी येऊ लागलं.

माझा तोल गेला. मी पेटीपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मामाजी, राग त्या डॉक्टरावर काढायचा, त्याचा हुकूम ऐकला त्या बाईवर नाही. चला, उतरा आता."

तो उतरला. माझ्याकडे बघत, एकेक पाय काचेवरून सोडवत उतरला आणि वाटीत जाऊन बसला. दिवेलागणीची वेळ होती आणि बेडूक दिवेलागणीला उतरतातच. कारण होतं. कारणं माझ्यापाशी नेहमीच असत, पण त्यानंतर त्या खोलीत एकटीने बसायला मला आवडेनासं झालं.

पुढे मात्र बस्तान नीट बसलं. पोळा झाला, सावरगावच्या काठावर दगडफेकीची गोटमार जत्रा झाली, पाऊस ओसरला. मी रोज वाटी घासून नवं पाणी घालायची. भल्या पहाटे, उजाडता उजाडता, सासूबाई पेटीपाशी जाऊन बघत, "बसले" म्हणत आणि पाणी पीत. त्यांच्या अंगावर पुन्हा मांस धरू लागलं. शेजारणींशी बोलू लागल्या, एकदा तर माझ्या भाकरीला नावं ठेवली. मला फार बरं वाटलं. गाळणीची मडकी मी देवासारखी जपू लागले.

थंडी पडली. संत्र्यांच्या गाड्या भरून जाऊ लागल्या आणि बेडूक मंदावला. वरच्या कोपऱ्यात, काटकीच्या आडोशाला, अंगाचं मुटकुळं करून तो बसून राहू लागला. थंडीत त्यांचं असंच असतं. मला काळजी होती ती सासूबाईंच्या पाण्याची. पण त्यांची पहाट चुकत नव्हती. मी उठायच्या आत त्यांचं "बसले" होऊन पेला रिकामा झालेला असे. वाटीच्या काठावर ओली माती लागलेली असायची. मी ती पुसून नवं पाणी घालत असे.

एका रविवारी पेटी धुवायला काढली. सासूबाई मागच्या अंगणात उन्हात बसल्या होत्या. बेडकाला हलकेच सोडवायला मी बोट लावलं आणि तो काचेवरून सुटून माझ्या तळहातावर पडला. त्याला वजन नव्हतं. वाळक्या पानासारखा कुरकुरीत झाला होता, डोळ्यांच्या जागी खळगे होते. तो कालपरवा मेला नव्हता. असं वाळायला बरेच दिवस लागतात.

माझ्या मनात आधी आलं ते बेडकाचं नाही. सासूबाईंना कळलं तर त्या पाणी सोडतील, हेच आलं. आणि त्याच्या मागोमाग आलं ते दुसरं. मग इतके दिवस त्या पहाटे काय बघत होत्या? वाटीला माती कोण लावत होतं?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नवीन पकडून आणतो." थंडीत बेडूक कुठून मिळणार? त्याने न्हाणी, हौद, केळीची पानं, सगळं धुंडाळलं आणि हात हलवत परत आला. पेटी मी तशीच मांडली. वाळलेला बेडूक पुन्हा कोपऱ्यात ठेववेना. दुसऱ्या दिवशी पहाटे, सासूबाई उठायच्या आधी, मी तो अंगणात पेरूच्या बुंध्याशी पुरला. सांगून टाकायचं, पाया पडायचं, सलाईन लावावं लागलं तर लावायचं, असं ठरवून मातीच्या हातांनी आत आले.

सासूबाई पेटीसमोर उभ्या होत्या. खिडकीच्या काचेतून जेमतेम उजेड येत होता. मी "आई" म्हणाले.

त्यांनी मला गप्प राहायची खूण केली. रिकाम्या पेटीकडे त्या निरखून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाजरं असं काहीतरी होतं, मी कधी न पाहिलेलं.

"आज लवकर बसले," त्या हळूच म्हणाल्या. मग तांब्या उचलला आणि न थांबता सगळं पाणी प्यायल्या.

मी वाटीकडे पाहिलं. खिडकी बंद होती, ओट्याला कुणी हात लावलेला नव्हता, आणि वाटीतलं पाणी हलत होतं. मधून काठाकडे बारीक बारीक वर्तुळं जात होती. मला भीती वाटली. पण सासूबाईंनी तोंड पुसून तांब्या खाली ठेवला, तेव्हा त्या भीतीपेक्षा जास्त मला हायसं वाटलं.

मी हात धुतले, परात घेतली आणि उद्याचं पाणी काढून ठेवलं.